जुन्या कपड्यांचा ऑनलाइन लिलाव: गाठोडे कुणाचे, बोली कुणाची?

२०२० च्या टाळेबंदीनंतर इन्स्टाग्रामवर एक नवा बाजार उभा राहिला. जुन्या, वापरलेल्या कपड्यांचा. 'थ्रिफ्ट स्टोअर' म्हणवणाऱ्या या पेजेसवर आधी जाहीर केलेल्या वेळी कपड्यांचे फोटो पडतात. त्याला 'ड्रॉप' म्हणतात. काही ठिकाणी पहिला मेसेज करणाऱ्याला कपडा मिळतो, काही ठिकाणी कमेंटमध्ये बोली लागते आणि सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याच्या पत्त्यावर पार्सल जाते. दुकान नाही, भाडे नाही, गुमास्ता नाही. एक मोबाइल, एक पांढरी भिंत आणि कपडे अडकवायला एक हँगर एवढ्या भांडवलावर अनेक तरुण-तरुणींनी हा व्यवसाय सुरू केला.

वस्त्यांमध्ये काम करताना पदवी घेऊन घरी बसलेली, स्पर्धा परीक्षेच्या दोन जाहिरातींमधल्या काळात काहीतरी कमवू पाहणारी मुले-मुली आम्हाला हल्ली विचारतात, "हे आपल्याला जमेल का?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर केवळ 'मेहनत करा, जमेल' असे देणे म्हणजे त्यांची फसवणूक आहे. लिलावात चांगली किंमत मिळण्यासाठी दोन गोष्टी लागतात. माल हवा असणारे एकापेक्षा जास्त लोक आणि त्या लोकांचा विक्रेत्यावर विश्वास. या दोन्ही गोष्टी बाजारात सर्वांना सारख्या मिळत नाहीत. ओळखीपाळखी आणि आडनाव यांचा त्यांच्याशी थेट संबंध आहे. म्हणून या बाजाराकडे तंत्र म्हणूनही पाहावे लागेल आणि समाजव्यवहार म्हणूनही.

उतरण आणि आपण

जुना कपडा हा आपल्या समाजासाठी नुसता कपडा नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. गावगाड्यात आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला वाड्यावरचे जुनेर आले. ते कामाच्या मोबदल्यात आले, पण मोबदला म्हणून नव्हे, उपकार म्हणून. त्याला किंमत नव्हती, म्हणून घासाघीसही नव्हती. जे मिळेल ते पदरात घ्यायचे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले आणि त्याच परिषदेच्या काळात बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेले दागिने टाकून द्यायला सांगितले. अंगावरचा कपडा जात सांगतो, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

त्यामुळे आजही आपल्या घरांत 'जुने कपडे विकायचे' म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. "एवढे शिकून आता दुसऱ्याची उतरण विकणार का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे तीन-चार पिढ्यांचा अनुभव आहे.

पण इथे एक फरक करायला हवा. बौद्ध परंपरेत पांसुकूल चीवर आहे, टाकून दिलेल्या चिंध्या जोडून केलेले वस्त्र. विनयपिटकातील चुल्लवग्गात कौशांबीच्या उदेन राजाची कथा आहे. एवढ्या चीवरांचे तुम्ही काय करता, असे तो आनंदाला विचारतो. आनंद सांगतो की चीवर जुने झाले की त्याची पांघरुणे होतात, मग गाद्यांचे अभ्रे, मग अंथरणे, मग पायपुसणी आणि शेवटी त्याच्या चिंध्या मातीत कालवून जमीन लिंपली जाते. राजा समाधानी होतो. चिंधी तीच. एका ठिकाणी ती माणसाने स्वतः निवडली, दुसऱ्या ठिकाणी ती त्याच्यावर लादली गेली. प्रतिष्ठेचा प्रश्न कपड्याच्या वयाचा नाही, त्याची किंमत कोण ठरवतो याचा आहे. लिलावाचा विचार आपण करायचा तो याच मुद्द्यावरून.

बोहारणीच्या टोपलीतून मोबाइलच्या पडद्यावर

हा धंदा इन्स्टाग्रामने शोधलेला नाही. डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन दारोदार फिरणारी बोहारीण मराठी घरांना पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. चार पँटी आणि दोन साड्या दिल्या की एक स्टीलचा डबा. मुंबईत आणि दिल्लीत हे काम मोठ्या प्रमाणावर गुजरातमधून आलेल्या देवीपूजक समाजाच्या स्त्रिया करत आल्या आहेत. त्यांना वाघरी म्हणूनही ओळखले जाते. दिल्लीतील रघुबीर नगरचा त्यांचा बाजार पहाट होण्याआधीच भरतो. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार आहे. गुजरातमधील कांडला येथील विशेष आर्थिक क्षेत्रात परदेशातील वापरलेल्या कपड्यांच्या गाठी येतात आणि तिथे स्त्री कामगार त्यांची प्रतवारी करतात. आणि पानिपत म्हटले की आपल्याला १७६१ ची लढाई आठवते, पण जुन्या लोकरी कपड्यांच्या जगात पानिपत म्हणजे चिंध्यांपासून पुन्हा सूत काढून घोंगड्या-ब्लँकेट विणणारे शहर.

या साखळीत एक गोष्ट सातत्याने दिसते. गोळा करणे, निवडणे, धुणे, टाके घालणे, इस्त्री करणे ही कामे ज्यांच्या हाताला आहेत, त्यांच्या हातात किंमत नाही. बोहारणीने डब्याच्या बदल्यात घेतलेली साडी ती बाजारात ठोक भावाने देते. पुढे तीच साडी कुणीतरी निवडते, तिचा चांगला फोटो काढते, तिला 'व्हिंटेज' असे नाव देते आणि ती कित्येक पट किमतीला जाते. कपड्यात बदल झाला नाही. बदलली ती त्याच्याकडे पाहणाऱ्यांची संख्या आणि विकणाऱ्याची ओळख. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिव्यवस्थेला श्रमिकांची श्रेणीबद्ध विभागणी म्हटले होते. जुन्या कपड्यांच्या बाजारात ती विभागणी आजही गाठोडे उचलणारा आणि बोली लावून घेणारा यांच्यामध्ये आहे. आपल्या मुलांनी या साखळीत शिरायचे असेल तर केवळ गाठोडे उचलणाऱ्यांच्या बाजूने शिरू नये, हे आमचे पहिले म्हणणे.

लिलावात किंमत ठरते कशी

ऑनलाइन लिलावाची सुरुवात १९९५ मध्ये झाली असे मानता येईल. पियर ओमिडयार याने अमेरिकेत 'ऑक्शनवेब' नावाचे संकेतस्थळ सुरू केले, तेच पुढे ईबे झाले. त्यावर सुरुवातीला विकली गेलेली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरला गेला. घेणाऱ्याला तो मोडका आहे हे ठाऊक होते, कारण त्याला मोडके पॉइंटर जमवण्याचाच छंद होता. या गोष्टीत लिलावाचे सारे मर्म आहे. एका गल्लीत ज्या वस्तूला कुणी विचारत नाही, तिला देशभरात कुठेतरी एक माणूस हवाच असतो. लिलाव त्या माणसाला शोधतो.

पण एक माणूस पुरत नाही. समजा एक डेनिम जॅकेट आहे. तीन जणांना ते हवे आहे. पहिला मनातल्या मनात ९०० रुपयांपर्यंत जायला तयार आहे, दुसरा ६५० पर्यंत, तिसरा ५०० पर्यंत. बोली १०० पासून सुरू झाली आणि २५-२५ ने चढत गेली. तिसरा ५०० ला थांबला, दुसरा ६५० ला थांबला, पहिल्याने ६७५ म्हटले आणि जॅकेट त्याचे झाले. म्हणजे आपल्या मालाची किंमत सर्वांत उत्सुक ग्राहक ठरवत नाही, दुसऱ्या क्रमांकाचा उत्सुक ग्राहक ठरवतो. बाकीचे दोघेही नसते तर हेच जॅकेट १०० रुपयांत गेले असते. विल्यम विकरी या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये लिलावांचा जो अभ्यास मांडला, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. १९९६ मध्ये जेरेमी बुलो आणि पॉल क्लेम्परर यांनी दाखवले की विक्रेत्याच्या वाटाघाटीच्या कौशल्यापेक्षा बोलीत आणखी एक खरा ग्राहक येणे सहसा अधिक मोलाचे ठरते.

यातून व्यवहाराचे तीन नियम निघतात. पहिला, सुरुवातीची बोली. पाहणारे भरपूर असतील तर बोली कमीपासून सुरू करावी, कारण कमी आकडा पाहून जास्त लोक आत येतात आणि एकदा बोली लावली की माणूस सहज मागे हटत नाही. पाहणारे मोजकेच असतील तर मात्र आपला खर्च निघेल त्याच्या खाली सुरुवात करू नये. नव्या पेजने पहिल्याच आठवड्यात 'बोली १ रुपयापासून' असे जाहीर करणे म्हणजे माल फुकट वाटणे.

दुसरा, वेळ. ग्राहक मोकळा असेल तेव्हा लिलाव संपला पाहिजे. रात्रीची जेवणे उरकल्यानंतर, पगार झाल्याच्या आठवड्यात, क्रिकेटचा मोठा सामना नसेल त्या दिवशी.

तिसरा, शेवटचा क्षण. ईबेवर लिलाव ठरलेल्या सेकंदाला संपत असे, म्हणून लोक अगदी अखेरच्या क्षणी बोली टाकून इतरांना उत्तर द्यायला वेळच ठेवत नसत. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळी ॲमेझॉनवरही लिलाव चालत आणि तिथे शेवटी बोली आली तर वेळ आपोआप वाढत असे. तिथे ही घाई बरीच कमी होती. कमेंटमधल्या लिलावासाठीही हा नियम लावता येतो. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की आणखी पाच मिनिटे वाढतील, असे आधीच लिहून ठेवावे. गावच्या लिलावात 'एकवार, दोनवार, तीनवार' म्हणतात ते याचसाठी.

सगळ्याच कपड्यांचा लिलाव करू नये

भारतात ऑनलाइन लिलाव नवे नाहीत. बाझी डॉट कॉम हे लिलावाचे भारतीय संकेतस्थळ ईबेने २००४ मध्ये विकत घेतले. २०१७ मध्ये ईबेचा भारतातील व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि २०१८ मध्ये बंद झाला. जगभर ईबेवरही आधी लिलाव मुख्य होता, नंतर ठरलेल्या किमतीची विक्री त्याच्या पुढे गेली. लोकांना साध्या वस्तूसाठी सात दिवस वाट पाहायची नसते. लिलाव टिकला तो मुख्यतः वापरलेल्या, एकमेव, किंमत सांगता न येणाऱ्या वस्तूंसाठी.

म्हणून गाठोडे उघडले की त्याचे तीन ढीग करावेत. साधे टी-शर्ट, शाळेचे गणवेश, रोजच्या लेगिन्स यांना ठरलेली, माफक किंमत लावावी. जे विकण्यासारखे नाही त्याची वाकळ, पिशवी, पायपुसणे करावे. आणि ज्याची किंमत आपल्यालाही नक्की सांगता येत नाही त्याचाच लिलाव करावा. जुनी पैठणी, हातमागाची इरकल, नारायणपेठी, लग्नात एकदाच नेसून कपाटात ठेवलेला शालू, नव्वदच्या दशकातील विंडचीटर, जाड कापडाची जुनी जीन्स. यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्याच वस्तीतल्या पेट्यांमध्ये आहेत. एखाद्या काकूंचा शालू त्यांच्या वतीने विकून ठरलेला वाटा त्यांना दिला, तर माल विकत घेण्यासाठी भांडवलही लागत नाही.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. मदत म्हणून गोळा झालेले कपडे देणाऱ्याला न सांगता लिलावात घालू नयेत. पूर आला, आग लागली म्हणून लोकांनी दिलेले कपडे विकून कितीही चांगले काम केले, तरी ते एकदा उघड झाले की त्या वस्तीतील पुढच्या प्रत्येक उपक्रमाकडे लोक संशयाने पाहतील.

विश्वास मोजता येतो

ग्राहकाला कपडा हातात घेऊन पाहता येत नाही. त्यामुळे त्याच्या मनातली प्रत्येक शंका बोलीतून वजा होते. शंका कमी करणे हेच या विक्रीतले खरे कसब. 'मीडियम साइज' असे लिहून काही कळत नाही, कारण प्रत्येक कंपनीचा मीडियम वेगळा असतो. कपडा सपाट पसरून छाती, उंची, बाही आणि कंबर टेपने मोजून इंचांत लिहावी. फोटो दिवसाच्या उजेडात काढावा. डाग, रफू, तुटलेली चेन, विरलेली कॉलर यांचा वेगळा, जवळून काढलेला फोटो द्यावा. आपल्याकडच्या पांढऱ्या साड्या आणि कुर्ते नीट ठेवले नाहीत तर घडीवर पिवळे पडतात. ते लपवले तर पार्सल परत येते, दाखवले तर घेणारा आपला हिशेब करून बोली लावतो.

पॉल रेस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ईबेवर सारखीच जुनी पोस्टकार्डे एका नावाजलेल्या खात्यावरून आणि काही नव्या खात्यांवरून विकली. नावाजलेल्या खात्याला सुमारे ८ टक्के जास्त किंमत मिळाली. माल तोच होता. लोकांनी जास्तीचे पैसे मोजले ते आधीच्या ग्राहकांच्या चांगल्या अभिप्रायांसाठी. म्हणून पहिल्या ५० ग्राहकांकडून नफ्यापेक्षा चांगला अभिप्राय मिळवणे महत्त्वाचे.

खोट्या बोलीचा मोह अनेकांना होतो. मित्राला सांगायचे, "तू मध्येच शंभर वाढव." माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ मध्ये लिलावाचे नियम आहेत. विक्रेत्याने तसा हक्क आधी उघडपणे राखून ठेवला नसेल, तर स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत बोली लावणे बेकायदेशीर आहे आणि किंमत चढवण्यासाठी खोटी बोली लावली असेल तर घेणारा तो व्यवहार रद्द करू शकतो. त्याच कलमानुसार हातोडा पडेपर्यंत बोली लावणाऱ्याला बोली मागे घेता येते आणि विक्रेत्याला राखीव किंमत ठेवता येते. मोबाइलवर हातोडा नसतो, म्हणून 'लिलाव संपला, अमुक रुपयांना विकले' अशी स्पष्ट कमेंट हाच आपला हातोडा समजावा. बोली जिंकून गायब होणारेही भेटतातच. अर्ध्या तासात पैसे आले नाहीत तर कपडा दुसऱ्या क्रमांकाला दिला जाईल, हा नियम वरच लिहावा. आणि घरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट पाठ असावी, यूपीआयवर पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. 'पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करा' असे सांगणारा ग्राहक हा ग्राहक नव्हे.

फोटोतला हात कुणाचा आहे

आता सर्वांत अवघड मुद्दा. ऑनलाइन बाजारात कुणी कुणाला पाहत नाही, म्हणून तिथे जात चालत नाही, असे आपल्यातले अनेक जण आशेने म्हणतात. ही आशा तपासून पाहायला हवी.

इयान एअर्स, महझरीन बनाजी आणि क्रिस्टीन जोल्स यांनी ईबेवर बेसबॉल खेळाडूंची कार्डे लिलावात विकली. काही फोटोंत कार्ड गोऱ्या हाताने धरले होते, काहींत काळ्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काळ्या हातातली कार्डे सुमारे २० टक्के कमी किमतीला गेली. नुसत्या हाताच्या फोटोने हे झाले. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी नोकरीसाठी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित आडनावाच्या अर्जांना पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चजातीय आडनावांच्या तुलनेत लक्षणीय कमी दिसली. एक अभ्यास अमेरिकेतील कार्डांचा, दुसरा भारतातील नोकऱ्यांचा. त्यांची बेरीज-वजाबाकी करता येणार नाही. पण नाव आणि त्वचा बाजारभावात उतरते, एवढे त्यातून कळते.

जुन्या कपड्याच्या बाबतीत ही गोष्ट अधिक नाजूक आहे. 'हा कपडा आधी कुणी घातला असेल?' हा प्रश्न घेणाऱ्याच्या मनात असतोच. सोवळ्या-ओवळ्याची सवय असलेल्या समाजात तो प्रश्न फक्त स्वच्छतेचा राहत नाही. आणि आपल्याकडे हात दिसायचीही गरज नसते. पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. भीमनगर, रमाबाईनगर, सिद्धार्थनगर. यूपीआयवर पैसे पाठवताना पूर्ण नाव दिसते.

मग काय करायचे? पेजला तटस्थ नाव द्यायचे की निळ्या रंगात, अभिमानाने आपल्या नावाने उभे राहायचे? आमच्यातही यावर एकमत नाही. ज्या मुलीच्या घरी महिन्याचा किराणा या विक्रीवर अवलंबून आहे, तिने आधी ओळख जाहीर करून तोटा सोसावा, असे सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. तटस्थ नाव घेणे म्हणजे लाचारी नव्हे. परंतु प्रत्येकाने कायम लपूनच राहायचे ठरवले, तर बाजारातील पूर्वग्रह जिथल्या तिथे राहतो आणि आपण तो चुकवत फिरतो. आमच्या मते यातून वाट निघते ती एकट्याने नव्हे, मिळून. वैयक्तिक नाव-पत्त्याऐवजी गटाचे नाव, गटाचे बँक खाते आणि पार्सलसाठी एक सामायिक पत्ता. आधी काम आणि अभिप्राय बोलू द्यावेत आणि ओळख किती, कधी सांगायची हे गटाने मिळून ठरवावे.

एकट्याचा हिशेब आणि गटाचा हिशेब

समजा एकीने तीन शर्ट प्रत्येकी १२० रुपयांना घेतले, धुलाई-दुरुस्तीला प्रत्येकी ४० लागले. दोन विकले गेले, ३५० ला एक. पॅकिंगचे प्रत्येकी १५, टपालखर्च घेणाऱ्याचा. खर्च ५१०, जमा ७००, शिल्लक १९०. निवडणे, धुणे, मोजणे, फोटो, उत्तरे, पोस्टात जाणे असे शर्टामागे दोन तास धरले तर सहा तास झाले. तासाला जेमतेम ३२ रुपये. आता याच दोन शर्टांपैकी एकावर दोन ग्राहकांत चुरस लागून तो ७०० ला गेला असता तर शिल्लक ५४० झाली असती, तासाला ९० रुपये. सगळा फरक त्या दुसऱ्या ग्राहकाने पाडला.

हा दुसरा ग्राहक आणायचा कुठून? ज्याच्या ओळखीत खर्च करू शकणारे हजार लोक आहेत, त्याचे पेज पहिल्याच महिन्यात चालते. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. आपल्या मुलांकडे कष्ट आहेत, कपड्याची पारख आहे, शिवणकामात तरबेज माय-मावश्या आहेत. हे भांडवल मात्र विखुरलेले आहे. दहा जणांनी दहा पेजेस काढली तर प्रत्येकाला शे-दोनशे लोक पाहतात आणि लिलाव पडतो. दहा जणांनी एकच पेज काढले, तर तेच लोक एका ठिकाणी येतात आणि बोलीला बोली लागते. बचत गट, वस्तीतले युवक मंडळ, विहारातल्या महिलांचा गट, यांना हे करता येण्यासारखे आहे. एकीने निवडायचे, दुसरीने शिवायचे, तिसऱ्याने फोटो काढायचे, चौथ्याने उत्तरे द्यायची. मुलींना इनबॉक्समध्ये होणारा त्रासही गटाच्या खात्यामुळे कमी होतो, कारण तिथे एकटी मुलगी आणि तिचा नंबर समोर नसतो.

गट केला की वाटणीचे नियम कागदावर हवेत. शिवणाऱ्या मावशीला ठरलेली मजुरी आणि मोबाइल हाताळणाऱ्या मुलाला नफा, असे झाले तर आपणच नवी उतरंड रचली. बाहेरच्या बोहारणीकडून माल घेतला तर तिला ठोक बाजारापेक्षा बरा भाव मिळाला पाहिजे. तीही आपल्यासारखीच वंचित समाजातली कष्टकरी आहे.

कागदपत्रांकडेही दुर्लक्ष नको. मालाच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण करपात्र माल राज्याबाहेर विकायचा असेल तर ही सूट लागू होत नाही. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला जुन्या वस्तूंवर, खरेदीवरील कराची वजावट न घेतल्यास, पूर्ण किमतीऐवजी खरेदी-विक्रीतील फरकावर कर भरण्याची तरतूद आहे. नियम बदलत राहतात, म्हणून समाजातील कुणा वाणिज्य पदवीधराला किंवा कर सल्लागाराला सुरुवातीलाच सोबत घ्यावे. आणि सर्व ग्राहक एकाच ॲपच्या भरवशावर ठेवू नयेत. खाते बंद पडले तर एका रात्रीत सारे जाते. ग्राहकांच्या परवानगीने त्यांची यादी आपल्याजवळ असावी.

मग करावे का?

करावे, पण डोळे उघडे ठेवून. हा धंदा सरकारी नोकरीचा पर्याय नाही, शिष्यवृत्ती आणि भरतीच्या मागण्या आपण यामुळे सोडू शकत नाही. 'मोबाइलवर लाखो कमवा' म्हणणाऱ्यांचे ऐकू नये. पण किंमत कशी ठरते हे एकदा कळले की ते ज्ञान कपड्यांपुरते राहत नाही. उद्या शेतमाल असेल, आपल्या लेखकांची पुस्तके असतील, हाताने शिवलेल्या गोधड्या असतील, तिथेही हेच लागू होईल.

चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलांनी आपल्याला दाखवून दिले आहे की हा समाज एकत्र आला की स्वतःचा बाजार उभा करतो. आता तसाच बाजार वर्षभर, पडद्यावर उभा करायचा आहे. सुरुवात छोटी असू द्या. पाच जण, वीस कपडे, एक टेप, एक वही. त्या वहीत प्रत्येक कपड्याची पहिली बोली, शेवटची बोली आणि बोली लावणाऱ्यांची संख्या लिहून ठेवा. तीन महिन्यांनी ती वही घेऊन बसा. ज्या कपड्यासमोर बोली लावणारे दोन किंवा जास्त दिसतील, तसाच माल पुढे आणा. जिथे एकच दिसेल तिथे लिलाव थांबवून ठरलेली किंमत लावा.

जय भीम.